कादंबरीतला यवन आणि नेवाशातला वाचक

‘कादंबरीत तसं लिहिलंय ना, सर.’

मार्च २०२५ मधली गोष्ट. नेवासा फाट्यावरची चहाची टपरी. समोर बसलेला माणूस माझ्या चांगल्या ओळखीचा. त्याचं खत-बियाणांचं दुकान आहे आणि आमच्या घराशी दोन पिढ्यांची ऊठबस. रमजान चालू होता, म्हणून मी नुसताच बसलो होतो; चहा तो एकटाच घेत होता, आणि माझ्यासमोर घेतो म्हणून थोडा संकोचलाही होता. ‘छावा’ सिनेमा १४ फेब्रुवारीला लागला होता. त्यानंतर बुऱ्हाणपूरजवळ असीरगडाच्या आसपासच्या शेतांत लोक रात्री टॉर्च घेऊन मोगलांचं सोनं खणायला निघाले. खुलताबादच्या कबरीवरून वातावरण तापत गेलं आणि १७ मार्चला नागपुरात दंगल झाली. आमचं बोलणं त्याच आठवड्यातलं. मी म्हटलं, सिनेमा म्हणजे इतिहास नव्हे. त्यावर त्याचं वरचं उत्तर आलं.

‘तू वाचलीस का ती कादंबरी?’ मी विचारलं.

‘नाही. पण सिनेमा तिच्यावरूनच केलाय.’

मी वाचली होती. शिवाजी सावंतांची ‘छावा’ १९७९ ची. मी ती पहिल्यांदा दहावीच्या सुट्टीत वाचली, मग आणखी दोनदा. पहिल्या वेळी शेवटची पानं वाचताना रडलोही होतो. हे मी त्याला सांगितलं तेव्हा त्याला जरा आश्चर्य वाटलं. त्याचं आश्चर्य पाहून मला वाईट वाटलं, आणि घरी येईपर्यंत मी त्याच विचारात होतो. मुसलमान वाचक संभाजी महाराजांसाठी रडू शकतो, हे त्याला नवीन का वाटावं? आणि मी चाळीस वर्षं मराठी कादंबऱ्या वाचल्या, तर त्यांत मी नेमका कुठे बसून वाचत होतो?

मी इतिहासाचा अभ्यासक नाही, समीक्षक तर मुळीच नाही. पण हातात येईल ती कादंबरी वाचणारा माणूस आहे. ऐतिहासिक, रहस्यकथा, ग्रामीण, सामाजिक, संतांवरच्या, सगळ्या. या लेखात त्या वाचनाचा हिशेब मांडतो आहे. प्रत्येक प्रकारानं माझ्यासारख्या वाचकासाठी एक वेगळी जागा ठेवली होती, असं आज मागे वळून पाहताना दिसतं.

ऐतिहासिक कादंबरीपासूनच सुरुवात करावी लागेल, कारण गावच्या वाचनालयात सगळ्यात जास्त फाटलेली पुस्तकं तीच असत. मराठीतली पहिली ऐतिहासिक कादंबरी रा. भि. गुंजीकरांची ‘मोचनगड’, १८७१ ची. पण या प्रकाराला खरं बळ दिलं ते हरि नारायण आपटे यांनी. त्यांनी १८९० मध्ये पुण्यात ‘करमणूक’ हे पत्र काढलं आणि त्यातून क्रमशः कादंबऱ्या छापल्या. गंमत म्हणजे त्यांची पहिली ऐतिहासिक कादंबरी ‘म्हैसूरचा वाघ’ टिपू सुलतानावरची आहे, आणि तिचा आधार कर्नल मेडोज टेलर या इंग्रज अधिकाऱ्याची १८४० ची इंग्रजी कादंबरी. टेलर हे निजामाच्या चाकरीत होते, त्यांनी दख्खन पायाखाली घातला होता. त्यांच्याच ‘तारा’ या कादंबरीत तुळजापूरची ब्राह्मण मुलगी शेवटी अफजलखानाच्या मुलाशी लग्न करते. ‘अ नोबल क्वीन’ ही १८७८ ची कादंबरी तर आमच्या नगरच्या चांदबिबीवर आहे. टेलरना वळण मिळालं होतं वॉल्टर स्कॉटकडून, आणि स्कॉट आपट्यांनीही वाचलेला होता.

याच स्कॉटला लखनौमध्ये आणखी एक वाचक भेटला होता, अब्दुल हलीम शरर. स्कॉटची ‘टॅलिस्मन’ ही सलाहुद्दीनच्या काळातली, धर्मयुद्धांवरची कादंबरी. ती वाचून शरर चिडले. त्यातले मुसलमान त्यांना खोटे वाटले. उत्तर म्हणून त्यांनी ‘मलिकुल अज़ीज़ वर्जिना’ लिहिली आणि आपल्या ‘दिलगुदाज’ मासिकात क्रमशः छापली. साल १८८८. म्हणजे पुण्यात ‘करमणूक’ निघण्याच्या दोनच वर्षं आधी. शररांच्या कादंबरीत मुसलमान शूर आणि ख्रिस्ती राजकन्या त्यांच्या शहजाद्यावर भाळलेली. आपट्यांच्या ‘उषःकाल’मध्ये मराठे शूर आणि यवन जुलमी. दोघांच्याही दारात इंग्रज उभा होता आणि दोघांनीही भूतकाळात जाऊन दुसऱ्याच कुणाला हरवलं. एकाच इंग्रज मास्तरच्या हाताखाली शिकलेले दोन विद्यार्थी, आणि दोघांनी एकमेकांची वही कधी पाहिली नाही.

समीक्षक सांगतात की ‘उषःकाल’मधला यवन म्हणजे इंग्रज समजायचा, सरकारच्या भीतीनं आपट्यांनी त्याला मोगल-आदिलशाही कपडे चढवले. असेलही. १८९५ ते ९७ मध्ये पुण्यातल्या वाचकाला ते न सांगता कळत असेल. पण नव्वद वर्षांनंतर नेवाशात आठवीतला मुलगा ते पुस्तक उघडतो तेव्हा इंग्रज जाऊन जमाना झालेला असतो. कपडे तेवढे उरलेले असतात, आणि ते कपडे त्याच्या आजोबांच्या कपड्यांसारखे असतात. त्या वर्षी वर्गात मला काही महिने ‘अफजलखान’ असं नाव पडलं होतं. कुणी द्वेषानं ठेवलं नव्हतं. मी उंच होतो, एवढंच. मीही हसून ओ देत असे. घरी मात्र हे नाव मी कधी सांगितलं नाही.

या ‘यवन’ शब्दाचीच एक गोष्ट नेवाशाच्या मातीत पुरलेली आहे. प्रवरेच्या काठावर लाडमोड नावाचं पांढरीचं टेकाड आहे. १९५४ ते ५६ या काळात डेक्कन कॉलेजच्या डॉ. ह. धी. सांकलिया यांनी तिथं उत्खनन केलं. १९६० मध्ये त्याचा जाडजूड अहवाल प्रसिद्ध झाला. त्याच्या लेखकांत सांकलिया आणि शां. भा. देव यांच्याबरोबर झैनुद्दीन अन्सारी यांचंही नाव आहे. अश्मयुगीन हत्यारांपासून ताम्रपाषाणयुगीन घरांपर्यंत पुष्कळ काही तिथं निघालं. सातवाहनांच्या थरात भूमध्य समुद्राकडून आलेल्या मद्यकुंभांचे तुकडे सापडले. ज्या लोकांना आपल्या प्राकृत आणि संस्कृतात पहिल्यांदा ‘यवन’ म्हटलं गेलं ते हेच, ग्रीक आणि रोमन जगातले. कार्ल्याच्या बौद्ध लेण्यात खांबांवर यवन दात्यांची नावं कोरलेली आहेत. पैसे देऊन खांब उभारणारा माणूस तो यवन. इस्लाम जन्मायच्या कितीतरी शतकं आधी नेवाशात यवनांचा माल उतरत होता. पुढे शब्द तोच राहिला आणि माणूस बदलला. कादंबरीकारांनी तो ज्या अर्थानं वापरला, त्यात दान देणारा तो जुना माणूस कुठेच शिल्लक नव्हता.

आपट्यांवर मी एकतर्फी बोलतोय असं होऊ नये. ‘पण लक्षात कोण घेतो?’ ज्यांनी लिहिली, त्यांच्या करुणेबद्दल शंका घेण्याचं धाडस मी करणार नाही. वपन केलेल्या विधवेचं दुःख त्यांनी पहिल्या पुरुषी कादंबरीत तिच्याच तोंडून सांगितलं. मला नेहमी प्रश्न पडतो तो हा, की सामाजिक कादंबरी लिहिताना शेजारच्या वाड्यातल्या मुलीच्या मनात शिरणारा हा लेखक, ऐतिहासिक कादंबरी लिहिताना बारा मावळात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मुसलमानाच्या मनाच्या उंबरठ्यावरच का थांबतो? बहुधा प्रकारच तसा आहे. सामाजिक कादंबरीत शत्रू ही रूढी असते. ऐतिहासिक कादंबरीत शत्रूला चेहरा लागतो.

आणि तरी आपट्यांनीच ‘वज्राघात’ लिहिली. ती १९१३ ते १५ मधली, विजयनगरच्या पाडावावरची. रामराजा, त्याची मेहेरजान आणि त्यांचा मुलगा रणमस्तखान. एका हिंदू राजाची आणि मुसलमान स्त्रीची ही गोष्ट. साम्राज्य बुडतं त्याच्या मुळाशी धर्म नाही, एका स्त्रीचा विश्वासघात आहे. मेहेरजान या बाईला बुद्धी आहे, मान आहे, आणि राग आहे. वयाच्या उत्तरार्धात आपट्यांना हे सुचलं. खऱ्या इतिहासात १५६५ च्या त्या लढाईत रामरायाचा शिरच्छेद झाला तो आमच्या नगरच्या हुसेन निजामशहासमोर, आणि विजापूरच्या बुरुजावर आज दिसणारी मुलूखमैदान तोफ ओतली गेली ती नगरमध्येच, १५४९ मध्ये. हे नगरच्या मुलांना शाळेत कुणी सांगत नाही. मला ‘वज्राघात’ वाचल्यावर शोधत जावं लागलं. कादंबरीनं मला इतिहासाकडे पाठवलं असं झालेलं हे एक उदाहरण. बहुतेक वेळा ती वाचकाला जागेवरच बसवते.

आता रहस्यकथांकडे. इथं मी फार सुखात होतो. बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या. त्यातल्या आमच्या गावात पोचल्या तेवढ्या सगळ्या मी वाचल्या असतील. झुंजार, काळापहाड, धनंजय-छोटू. भाड्यानं पुस्तक आणायचं, रात्रीतून संपवायचं आणि सकाळी परत करून दुसरं आणायचं. त्यात कोण हिंदू, कोण मुसलमान, याची कुणाला फिकीर नसे. खून कुणी केला एवढाच प्रश्न. मग सुहास शिरवळकर आले. त्यांच्या नायकांपैकी एकाचं नाव फिरोज इराणी आणि दुसऱ्याचं दारा बुलंद! फिरोज नावाचा हुशार, देखणा, इंग्रजी बोलणारा माणूस मराठी पुस्तकाच्या मुखपृष्ठावर, आणि तो खलनायक नाही. हा फिरोज मुसलमान नसून इराणी-पारशी असावा, हे पुढे कुणीतरी मला समजावून सांगितलं. तोवर माझं वाचून झालं होतं आणि व्हायचा तो फायदा होऊन गेला होता.

त्याच सुमारास औरंगाबादच्या मामूंकडे इब्ने सफी सापडले. १९५२ मध्ये अलाहाबादला ‘जासूसी दुनिया’ सुरू झाली, त्याच वर्षी इब्ने सफी पाकिस्तानात गेले, पण त्यांची पुस्तकं दोन्हीकडे निघत राहिली. मामू उर्दूत वाचत, मला उर्दू अडखळत येई म्हणून मी हिंदी आवृत्ती घेतली. दोघं गप्पा मारायला बसलो तर घोटाळा. मामू म्हणत कर्नल फरीदी, मी म्हणे कर्नल विनोद. ते म्हणत इमरान, मी म्हणे राजेश. कथा तीच, खून तोच. हिंदीत आणताना नायकांची नावं बदलली होती. सहायक कॅप्टन हमीद मात्र हमीदच राहिला. मामू खूप हसले. ‘हमीद को कौन पूछता है, रहने दिया बेचारे को,’ म्हणाले. मी पण हसलो. आज वाटतं, प्रकाशकानं बाजाराचा विचार करूनच ते केलं असणार, आणि त्याचा अंदाज बरोबरही असेल. पुण्यातला शिरवळकर आपल्या नायकाला बिनदिक्कत फिरोज म्हणतो आणि अलाहाबादच्या हिंदी आवृत्तीत फरीदीचा विनोद होतो, हे मला मराठीच्या बाजूनं मोजावंसं वाटतं.

अम्मी मराठी वाचत नसे. तिला उर्दू येई, आणि तिच्या ट्रंकेत डेप्युटी नजीर अहमद यांची ‘मिरातुल उरूस’ होती. १८६९ ची ही उर्दूतली पहिली कादंबरी मानतात. सरकारनं तिला एक हजार रुपयांचं बक्षीस दिलं होतं. अकबरी आणि असगरी या दोन बहिणी. एक फूहड, दुसरी घर सावरणारी. आमच्या घरात कुणी भांडी आपटली की अम्मी म्हणायची, ‘आ गई अकबरी.’ मराठीतली पहिली कादंबरी ‘यमुनापर्यटन’ तिच्या बारा वर्षं आधीची, १८५७ ची, बाबा पदमनजींची, विधवांच्या हालांवरची. ती लिहिणारा ख्रिस्ती झालेला माणूस. म्हणजे दोन्ही भाषांत कादंबरी जन्मली ती बाईची स्थिती सुधारण्याच्या खटपटीतून. तलवारी नंतर आल्या. हे मी अम्मीला कधी सांगू शकलो नाही, तोवर ती गेली होती. ट्रंक आहे.

व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ मी कॉलेजात वाचली. १९५५ ची ही कादंबरी, माणदेशातल्या धनगरांच्या वाडीची. शिकवायला गेलेला पोरसवदा मास्तर, कारभारी, शेवटी दुष्काळ. तिच्याबद्दल एवढं लिहून झालं आहे की मी नवीन काय सांगणार. मला तिच्यात आयबू मुलाणी भेटला. मराठी गावात मुलाणी हा बलुतेदार. बकरं हलाल करणारा, त्याबद्दल आपला वाटा घेणारा, गावाच्या जत्रेत ज्याच्यावाचून अडतं असा. माझ्या आजोळचे लोक मुलाणीच. त्यांना कुणी ‘बाहेरून आलेले’ म्हटलं असतं तर त्यांना प्रश्नच कळला नसता. बाहेर म्हणजे वेशीबाहेर एवढंच त्यांना माहीत. माडगूळकर आयबूबद्दल काही सिद्ध करायला जात नाहीत. तो सहिष्णुतेचं प्रतीक नाही, शत्रू नाही, ‘राष्ट्रीय मुसलमान’ नाही. वाडीत राहतो, मास्तरच्या उपयोगी पडतो, बस्स. ऐतिहासिक कादंबरीनं दहा पुस्तकांत मला जे दिलं नाही ते या लहानशा पुस्तकानं सहज हातावर ठेवलं. आपल्याकडे मुस्लिम प्रतिमेवर परिसंवाद होतात त्यात ‘बनगरवाडी’चं नाव फारसं घेतलं जात नाही. तिथं प्रतिमाच नाही म्हणून असेल, माणूस आहे.

ना. सं. इनामदारांची ‘शहेनशहा’ माझ्या हाती उशिरा आली. प्रकाशन १९७० चं. मराठीत औरंगजेबाला नायक करून लिहिलेली कादंबरी, आणि लिहिणारा ‘राऊ’ लिहिणाराच माणूस. मी ती संशयानंच उघडली. आपल्या लोकांना औरंगजेबाचं कौतुक ऐकायला आवडतं आणि मला त्या कौतुकाचीही भीती वाटते. ज्यानं बापाला कैदेत ठेवलं, भावाला मारलं, सरमदसारख्या फकिराचा शिरच्छेद होऊ दिला, त्याला केवळ टोप्या शिवत होता म्हणून वली ठरवणं मला जमत नाही. इनामदार त्याला वली करत नाहीत, सैतानही करत नाहीत. राज्य करण्यासाठी एकेक माणूस गमावत जाणारा माणूस, एवढंच ते दाखवतात. पुस्तक मिटलं तेव्हा मला तो आवडला नव्हता, पण कळला होता.

नेवाशातल्या माणसाला या पुस्तकाचा आणखी एक अर्थ लागतो. १६८१ च्या अखेरीस औरंगजेब दख्खनमध्ये आला तो परत गेलाच नाही. संभाजी महाराजांना पकडल्यावर त्याच्यासमोर आणलं ते बहादूरगडावर, म्हणजे आमच्याच जिल्ह्यातल्या श्रीगोंदा तालुक्यातल्या पेडगावला. त्यानंतर अठरा वर्षांनी, ३ मार्च १७०७ रोजी, तो मेला तोही नगरजवळ, भिंगारला. त्या जागेला आजही आलमगीर म्हणतात. दफन खुलताबादला, शेख झैनुद्दीन शिराजींच्या पायाशी. नगरहून खुलताबादकडे जाणारा आजचा रस्ता नेवासा फाट्यावरून जातो. शहरांची नावं बदलली, अंतर तेवढंच आहे. ज्या टपरीवर बसून आम्ही बोलत होतो ती त्याच रस्त्यावर. ज्या बादशहावरून नागपुरात दगड चालले त्याची पंचवीस वर्षं आमच्या या मुलखात लढण्यात गेली आणि हाती काहीच आलं नाही. मराठ्यांनी त्याला हरवलं म्हणा किंवा दख्खननं त्याला गिळलं म्हणा. त्याची साधी, मातीची कबर हा त्या पराभवाचाच पुरावा आहे. ती उखडून टाकायला निघालेल्यांनी हे लक्षात घ्यायला हवं होतं, असं माझं मत; आणि ते मी ‘शहेनशहा’ वाचून बनवलं आहे, कुठल्या मौलानांचं ऐकून नव्हे.

विश्वास पाटलांच्या ‘पानिपत’वर लांबण लावत नाही. १९८८ मध्ये ती आली आणि आमच्या मोहल्ल्यातल्या तीन-चार पोरांनी मिळून एक प्रत विकत घेतली. कारण एकच, इब्राहिमखान गारदी. मराठ्यांचा तोफखाना सांभाळणारा, अब्दालीच्या बाजूला न जाणारा, पराभवानंतर हाल होऊन मारला गेलेला. मस्तानीचा मुलगा समशेरबहाद्दर याच लढाईत जखमी होऊन गेला. आम्ही पोरं इब्राहिमखानाचं नाव असं घेत असू की जणू तो आमच्या गल्लीतला. आता थोडं वेगळं वाटतं. आपल्याला कुणी शत्रू म्हणू नये म्हणून एखादा गारदी सतत खिशात बाळगावा लागणं, हेही काही सुखाचं नाही. आयबू मुलाण्याला असा कुठला दाखला दाखवावा लागत नव्हता.

आणि हमीद दलवाई. ‘इंधन’ १९६५ ची. अब्बांच्या पिढीत दलवाई हे नाव घरात घेत नसत. कारण उघड आहे. पुढच्याच वर्षी, १८ एप्रिल १९६६ ला, दलवाईंनी मुंबईत सात मुस्लिम स्त्रियांचा मोर्चा सचिवालयावर नेला, तोंडी तलाकच्या विरोधात. १९७० मध्ये मुस्लिम सत्यशोधक मंडळ निघालं. मी ‘इंधन’ वाचत होतो तेव्हा अब्बांनी विचारलं, ‘क्या पढ रा?’ मी मुखपृष्ठावर हात ठेवून ‘कादंबरी’ म्हणालो. खोटं नव्हतं.

दलवाईंच्या राजकीय लेखनातलं बरंच काही मला पटत नाही. मुसलमानांचं मागासलेपण सांगताना गरिबी, दंगली आणि नोकऱ्यांतली दारं बंद असणं याला ते पुरेसं वजन देत नाहीत, असं मला अजूनही वाटतं. पण ‘इंधन’ हे पुस्तक त्या लेखनाहून मोठं आहे. बऱ्याच वर्षांनी कोकणातल्या आपल्या गावी परतलेला निवेदक, त्याचं मुसलमान घर, कुळं आणि मालक, जुने हेवेदावे, बायकांवरून पेटणारे पुरुष, आणि बघता बघता गाव दोन तुकड्यांत फाटतं. दंगल बाहेरून कुणी आणत नाही. इंधन घरातच रचून ठेवलेलं असतं, दोन्ही घरांत. दलवाई स्वतःच्या लोकांना सोडत नाहीत आणि समोरच्यांनाही सोडत नाहीत. मराठी कादंबरीत मुसलमान घराचा मागचा दरवाजा मी पहिल्यांदा इथं उघडा पाहिला. त्यातले वास ओळखीचे होते, आणि सगळेच चांगले नव्हते. मला लाज वाटली, राग आला, आणि रात्री दोन वाजता पुस्तक संपवूनच उठलो. ज्या समाजाच्या वाट्याला इतिहासात फक्त शत्रूची नाहीतर इमानदार सेवकाची भूमिका येते, त्याला स्वतःचे दोष वाचण्याची सवयच होत नाही; कुणी बोट दाखवलं की तो हल्लाच वाटतो. अब्बांना ‘इंधन’ वाचून दाखवायला हवी होती का, याचं उत्तर मला अजून देता येत नाही.

नेवाशात राहून ज्ञानेश्वर टाळता येत नाहीत, आणि मी टाळलेही नाहीत. इथंच शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० ला, ज्ञानेश्वरी झाली. ज्या खांबाला टेकून ती सांगितली तो ‘पैस’ इथंच आहे. दुर्गाबाई भागवतांनी त्याच खांबाच्या नावावर आपल्या पुस्तकाचं नाव ठेवलं. गो. नी. दांडेकरांची ‘मोगरा फुलला’ मी प्रवरेच्या घाटावर बसून वाचली. वाळीत टाकलेल्या चार भावंडांची ती गोष्ट वाचताना मला आपण दुसऱ्याच्या घरात डोकावतोय असं वाटलं नाही. गोनीदांचा गोडवा कधी कधी जास्त होतो, हे मात्र खरं. ज्ञानेश्वरीनंतर सहा वर्षांनी, १२९६ मध्ये, अल्लाउद्दीन खिलजी देवगिरीवर आला, आणि आपल्या कादंबऱ्या बहुधा तिथूनच ‘अंधार पडला’ म्हणून सांगतात. पण त्याच अंधारात, त्याच जिल्ह्यात, सतराव्या शतकात श्रीगोंद्याचे शेख महंमद झाले. त्यांनी ‘योगसंग्राम’ मराठी ओवीत लिहिला. मालोजीराजे भोसले त्यांचे शिष्य होते असं परंपरा सांगते, आणि शहाजी व शरीफजी ही नावं नगरच्या शाह शरीफ यांच्या दर्ग्याला बोललेल्या नवसावरून ठेवली अशीही. यू. म. पठाण सरांनी मुसलमान संतांचं हे मराठी वाङ्मय लोकांपुढे आणलं. १९९० च्या पुणे साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. पेडगाव आणि शेख महंमदांचा मठ एकाच तालुक्यात. पेडगाववर किती पानं लिहिली गेली! शेख महंमदांवरची कादंबरी मला अजून भेटायची आहे.

लाडमोडच्या अहवालात सगळ्यात वरच्या थराला, चौदाव्या शतकानंतरच्या, एकच नाव दिलेलं आहे: मुस्लिम-मराठा. मध्ये एक छोटी आडवी रेघ. त्यात काचेच्या बांगड्यांचे तुकडे आहेत, नाणी आहेत, खापरं आहेत. कुठली बांगडी कुणाच्या हातातली, हे सांकलियांना सांगता आलं नसतं, अन्सारींनाही नाही.

टपरीवरच्या त्या बोलण्यानंतर ईदला तो घरी आला. शीरखुर्मा झाला, आणि जाताना मी त्याला ‘शहेनशहा’ दिली. ‘एवढी जाड?’ म्हणाला, पण नेली. बरेच महिने काही बोलला नाही. मीही विचारलं नाही. पुस्तक परत मागितलं की माणूस वाचायचं सोडून देतो, हा अनुभव आहे. मागच्या आठवड्यात फाट्यावर भेटला.

‘वाचतोय सर,’ म्हणाला. ‘शंभरेक पानं झाली. अजून तो म्हातारा झालेला नाही.’